सोलो संकलन काढण्याआधी टेपच्या डब्यावरचं लेबल वाचा

रॉक गायकांच्या सोलो कारकिर्दीची संकलनं काढणाऱ्या रेकॉर्ड कंपन्यांचे कॅटलॉग विभाग, गायकांचे वारसदार आणि हक्कांचे व्यवस्थापक यांना खुलं पत्र

स. न. वि. वि.

बँडमध्ये राहून किंवा बँड सोडून ज्यांनी स्वतःच्या नावावर गाणी केली, अशा गायकांच्या कारकिर्दीचा आढावा घेणारी संकलनं तुम्ही दर काही वर्षांनी बाजारात आणता. त्यांतली बरीचशी आम्ही मूळ तबकड्या शेजारी ठेवून ऐकतो. टेपा आणि मास्टरिंग (प्रकाशनाआधी ध्वनिमुद्रणाला दिला जाणारा शेवटचा हात) हे आमचं रोजचं काम आहे, त्यामुळे कुठे काय चुकलंय हे कानाला लगेच लागतं. आमची मागणी एकच आहे. संकलनातलं प्रत्येक गाणं नेमकं कोणतं ध्वनिमुद्रण आहे हे आधी ठरवा, त्याची योग्य टेप शोधा आणि ते पुस्तिकेत छापा. मुखपृष्ठ, खोका, रंगीत विनाइल हे सगळं त्यानंतर.

बँडचं संकलन तुलनेनं सोपं असतं. बहुतेक वेळा एकच कंपनी, एकच करार, ठरलेले दोन-चार स्टुडिओ. सोलो कारकीर्द मात्र विखुरलेली असते. एखादं गाणं चित्रपटासाठी केलेलं, एखादं नाटकासाठी, एखादं दुसऱ्याच्या अल्बमवर पाहुणा म्हणून गायलेलं. क्वीन या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचंच पाहा. १९८४चं ‘लव्ह किल्स’ आणि १९८५चा ‘मिस्टर बॅड गाय’ हा अल्बम सीबीएसकडे, १९८७चं ‘द ग्रेट प्रिटेंडर’ पार्लोफोनकडे, ऑपेरा गायिका मोन्सेरात काबायेबरोबरचा १९८८चा ‘बार्सिलोना’ पॉलिडोरकडे. शिवाय डेव्ह क्लार्कच्या ‘टाइम’ या संगीत नाटकासाठी १९८६ मध्ये गायलेली दोन गाणी आहेतच. क्वीनचे सगळे अल्बम इंग्लंडमध्ये ज्या ईएमआयकडे होते, तिच्या एका कपाटातून ही सगळी गाणी निघणं शक्यच नव्हतं. असं संकलन करायचं तर तीन-चार कंपन्यांच्या गोदामांतून टेपा मागवाव्या लागतात. गाडं अडतं ते इथे. परवाना मिळतो, टेप येत नाही, तारीख जवळ येते, आणि मग जी फाइल हाताशी असेल ती वापरली जाते.

१९९२च्या नोव्हेंबरमध्ये, मर्क्युरी गेल्याला वर्ष होत असताना, ‘द फ्रेडी मर्क्युरी अल्बम’ आला. त्यातली अनेक गाणी त्या वर्षी वेगवेगळ्या निर्मात्यांकडून करून घेतलेली रिमिक्स, म्हणजे त्याच आवाजावर नव्यानं जुळवलेली रूपं, होती. पुढच्या वर्षी ‘लिव्हिंग ऑन माय ओन’चं ‘नो मोअर ब्रदर्स’नं केलेलं नृत्यसंगीताचं रूप ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. परिणाम असा झाला की १९८५ मध्ये मर्क्युरीनं स्वतः मंजूर केलेलं मिक्स (वाद्यं आणि आवाज एकत्र जुळवून बनवलेलं रूप) कसं होतं, हे त्या वाटेनं आलेल्या श्रोत्यांना कळलंच नाही. रिमिक्स वाईट होतं असं आमचं म्हणणं नाही. पण ते गायकाच्या मृत्यूनंतर इतरांनी केलेलं काम आहे. कारकिर्दीचा आढावा म्हणून अल्बम विकायचा असेल, तर १९८५च्या जागी १९८५चंच मिक्स हवं. रिमिक्स द्यायचं तर शेवटी द्या, आणि नावापुढे ‘रिमिक्स, १९९३’ असं स्पष्ट लिहा.

२०१९च्या ‘नेव्हर बोरिंग’ या संचाच्या वेळी ‘मिस्टर बॅड गाय’ मूळ मल्टिट्रॅकवरून (वाद्यं आणि आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर भरलेल्या टेपवरून) नव्यानं मिक्स केला गेला, आणि तसं उघडपणे सांगितलंही गेलं. ‘बार्सिलोना’तल्या सिंथेसायझरच्या जागी खरा वाद्यवृंद घालून २०१२ मध्ये नवी आवृत्ती काढली, तीही जाहीर करून. सांगून केलेल्या अशा कामाबद्दल आमची तक्रार नाही. अडचण तेव्हा होते, जेव्हा नवं मिक्स जुन्याची जागा घेतं आणि जुनं दुकानातून, स्ट्रीमिंगवरून गुपचूप नाहीसं होतं. दोन्ही ठेवा. १९८५च्या मिक्समधला ड्रम मशीनचा कोरडा ठोका त्या वर्षाचा आहे. तो आज कुणाला जुनाट वाटला, तरी गायकानं तो ऐकूनच ‘ठीक आहे’ म्हटलं होतं.

एकाच नावाची दोन ध्वनिमुद्रणं हा दुसरा सापळा. ‘मेड इन हेवन’ आणि ‘आय वॉज बॉर्न टू लव्ह यू’ ही दोन्ही गाणी १९८५च्या सोलो अल्बमवर आहेत, आणि क्वीनच्या उरलेल्या तिघांनी नवं वादन करून ती १९९५च्या क्वीन अल्बमवरही घेतली. गायन तेच, बाकी गाणं वेगळं. कॅटलॉगमध्ये गाण्याच्या नावानं शोधलं की दोन्ही समोर येतात, आणि घाईत पहिलं दिसेल ते उचललं जातं. म्हणून नावावरून कधीही शोधू नका. आयएसआरसी, कालावधी आणि पहिल्या प्रकाशनाचं वर्ष, या तिन्हींचा ताळमेळ बसला तरच ती फाइल उचला. आयएसआरसी हा १२ अक्षर-अंकांचा संकेत एका ध्वनिमुद्रणाला एकच असतो. वेगळं मिक्स किंवा कापलेली आवृत्ती असेल तर तिला स्वतःचा संकेत हवा. जुन्या गाण्यांना हे संकेत बऱ्याच नंतर दिले गेले आणि देताना चुकाही झाल्या, त्यामुळे केवळ संकेतावर भिस्त ठेवू नका. कालावधीत तीन सेकंदांचा जरी फरक दिसला, तरी मूळ तबकडी लावून ताडून पाहा.

हेवी मेटल गायक ऑझी ऑस्बॉर्नच्या बाबतीत जे झालं, ते प्रत्येक कॅटलॉग विभागाच्या भिंतीवर लिहून ठेवण्यासारखं आहे. ‘ब्लिझार्ड ऑफ ऑझ’ आणि ‘डायरी ऑफ अ मॅडमन’ या त्याच्या पहिल्या दोन सोलो अल्बमांच्या २००२च्या आवृत्त्यांत बॉब डेझ्लीचं बास आणि ली कर्स्लेकचे ड्रम पुसून तिथे दुसऱ्या वादकांचं नवं वादन बसवलं गेलं. मूळ वादन परत यायला २०११ची आवृत्ती उजाडावी लागली. मधल्या काळात ज्यांनी हे अल्बम विकत घेतले, त्यांना रँडी ऱ्होड्सचं गिटार त्यानं ज्यांच्या साथीनं वाजवलं त्या माणसांबरोबर ऐकायलाच मिळालं नाही. वादकांशी मानधनाचे, श्रेयाचे वाद असू शकतात. ते वकिलांच्या टेबलावर मिटवा. टेपमधून माणसं पुसू नका.

गायकानं स्वतः काही बदललं असेल, तर गोष्ट वेगळी. पीटर गेब्रियलच्या १९९०च्या ‘शेकिंग द ट्री’ या १६ गाण्यांच्या संकलनात १९७७च्या एका गाण्याचं पियानोवर नव्यानं केलेलं ध्वनिमुद्रण आहे, आणि इतर काही गाणी अल्बमवरल्यापेक्षा छोटी करून घेतली आहेत. हा त्याचा निर्णय, त्याचा अधिकार. श्रोत्याला मात्र हे मागच्या पानावर दिसायला हवं: ‘१९९०चं नवं ध्वनिमुद्रण’, ‘संक्षिप्त आवृत्ती’. एवढे दोन शब्द छापायला जागा लागते किती?

आता टेपांबद्दल. इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण बहुतेक चुका इथेच होतात आणि पुढे कुठल्याही यंत्रानं त्या दुरुस्त होत नाहीत.

गोदामातून पुठ्ठ्याचा चौकोनी डबा येतो. आत अर्धा किंवा पाव इंच रुंदीची टेप. डब्यावरची अक्षरं नीट वाचा, सगळ्या बाजूंनी वाचा, आतला कागदही वाचा. गाण्यांची नावं आणि कालावधी असतातच. त्याखेरीज वेग असतो, १५ किंवा ३० इंच प्रति सेकंद; ईक्वलायझेशन (भरताना वरच्या-खालच्या स्वरांना दिलेला ठरावीक चढ-उतार) असतं, एनएबी की आयईसी मानकाचं; नॉइज रिडक्शन (घोंघाट कमी करण्याची पद्धत) असतं, डॉल्बी ए, डॉल्बी एसआर की काहीच नाही; आणि यंत्र जुळवण्यासाठी सुरुवातीला कोणते टोन (स्थिर स्वर) भरलेत ते असतं. ‘टेल्स आउट’ लिहिलं असेल तर टेप शेवटाकडून गुंडाळलेली आहे, आधी उलटी गुंडाळून घ्या. आणि ‘ईक्यूड फॉर एलपी’ किंवा ‘प्रॉडक्शन मास्टर’ असं कुठेही दिसलं की थांबा. ती तबकडी कोरण्यासाठी बनवलेली प्रत आहे. सुई उडू नये म्हणून तिच्यातला खालचा बास कमी केलेला असतो, वरचे स्वर दाबलेले असतात, आणि ती मूळ मिक्सपासून एक-दोन पिढ्या लांब असते. १९८०च्या दशकातल्या कितीतरी सीडी अशाच टेपांवरून निघाल्या आणि पातळ वाजल्या. तुम्हाला हवा आहे तो मिक्सडाउन मास्टर, म्हणजे स्टुडिओत मल्टिट्रॅकवरून पहिल्यांदा दोन ट्रॅकवर उतरवलेली टेप. तिच्यात बहुधा गाण्यांमध्ये पांढरी लीडर टेप (ध्वनी नसलेली पट्टी) जोडलेली दिसते आणि जोडाच्या जागा हाताला लागतात. जोड जुने असतील तर चिकटपट्टी सुकलेली असते. वाजवण्याआधी एकेक जोड तपासून नवी पट्टी लावा, नाहीतर गाण्याच्या मधोमध टेप सुटते.

साधारण १९७०च्या दशकाच्या मध्यापासून १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या अनेक टेपांना चिकटपणाचा आजार आहे. ॲम्पेक्स ४५६ हे त्यातलं सर्वांत परिचित नाव. टेपवर चुंबकी पूड धरून ठेवणारा पॉलियुरेथेनचा लेप हवेतलं बाष्प शोषतो, त्याचे रेणू तुटतात आणि लेप चिकट होतो. अशी टेप तशीच वाजवली की ती यंत्राच्या हेडवर (ध्वनी वाचणाऱ्या भागावर) किंचाळते, तपकिरी मळ सोडते, आणि तो मळ म्हणजेच तुमचं ध्वनिमुद्रण असतं. उपाय म्हणजे टेप भाजणं: तापमानावर काटेकोर नियंत्रण असलेल्या इन्क्युबेटरमध्ये सुमारे ५४ अंश सेल्सिअसवर, पाव इंची टेपला साधारण ८ तास, दोन इंची मल्टिट्रॅकला त्याहून बराच जास्त वेळ. नंतर तितकाच वेळ खोलीच्या तापमानाला निवू द्या. परिणाम तात्पुरता असतो, म्हणून काही आठवड्यांच्या आत उतरवून घ्या. स्वयंपाकघरातली भट्टी किंवा मायक्रोवेव्ह चुकूनही नको. आणि आधी टेप कशाची आहे ते पाहा. रीळ उजेडासमोर धरल्यावर आरपार उजेड दिसला तर ती ॲसिटेटची जुनी टेप आहे. ती भाजली की वाया गेली.

यंत्रावर टेप चढवल्यावर पहिलं काम टोनचं. १ किलोहर्ट्झनं पातळी लावा, १० आणि १५ किलोहर्ट्झनं वरचा भाग, १०० हर्ट्झनं खालचा. हेडचा कोन, म्हणजे ॲझिमथ, लावताना आधी १ किलोहर्ट्झवर दोन्ही चॅनल जुळवा, मगच १० वर जा. थेट १० वर लावायला गेलं तर एक पूर्ण आवर्तन चुकवून खोट्या जागी जुळल्याचा भास होतो. ॲझिमथ चुकलेला असला की सगळ्यांत आधी गायकाचा आवाज बिघडतो, कारण तो मधोमध असतो, दोन्ही चॅनलमध्ये सारखा. ‘स’ आणि ‘श’ पसरट होतात आणि मोनोमध्ये आवाज कांबळ्याआडून आल्यासारखा वाटतो. टेपवर टोन नसतील तर डावा आणि उजवा चॅनल एकत्र करून ऐका. गायकाचा आवाज जिथे सर्वांत स्वच्छ लागतो, ती जागा बरोबर.

डॉल्बी ए लावलेली टेप डीकोड न करता (भरताना केलेला बदल परत न फिरवता) उतरवली, की श्वास, घोंघाट, झांजा सगळं पुढे येतं. पहिल्या ऐकण्यात हे ‘चमकदार’ वाटतं आणि तसंच खपून जातं. उलटपक्षी डीकोडरची पातळी डॉल्बी टोनशी न जुळवता लावली, तर प्रत्येक शांत जागी आवाज आत ओढल्यासारखा होतो. दोन्ही चुका फाइल बनल्यावर पुरत्या निघत नाहीत.

डिजिटल टेपाही सोप्या नाहीत. १९८०च्या दशकातले कितीतरी मास्टर यू-मॅटिक कॅसेटवर सोनीच्या १६१० किंवा १६३० प्रोसेसरमधून भरलेले आहेत, नंतरचे डॅटवर (छोट्या डिजिटल कॅसेटवर). काहींवर प्री-एम्फसिस असतो, म्हणजे भरताना वरचे स्वर मुद्दाम चढवलेले असतात, २० किलोहर्ट्झपाशी जवळजवळ १० डेसिबलपर्यंत. वाजवताना ते उतरवायचे असतात. फाइल करताना ही खूण हरवली की गाणं टोचायला लागतं, आणि मग कुणीतरी अंदाजानं ट्रेबल कमी करतं. अंदाज नको. ५०/१५ मायक्रोसेकंदांचा नेमका डी-एम्फसिस लावा. डॅटचा सॅम्पलिंग दर (सेकंदाला घेतलेले ध्वनीचे नमुने) ४८ किलोहर्ट्झ असू शकतो, सीडीचा ४४.१. रूपांतर न करता नुसतं लेबल बदललं की गाणं जवळजवळ दीड सेमीटोन खाली किंवा वर जातं. एवढी मोठी चूक कानाला कळते. पण ॲनलॉग यंत्राचा वेग एका टक्क्यानं चुकला तर तो सहज निसटतो, गायकाचा आवाज मात्र दुसऱ्याच माणसाचा वाटू लागतो. गाण्यात पियानो असेल तर त्याचा सूर मूळ तबकडीशी जुळवून पाहा. तबकडीही कधी मुद्दाम वेग वाढवून काढलेली असते. तशी असेल, तर प्रकाशित झालेला वेग हाच प्रमाण माना.

उतरवताना ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, कुठलीही सुधारणा न करता, टोनसकट सगळं उतरवा. तीन प्रती तीन ठिकाणी ठेवा. १ जून २००८ रोजी हॉलिवूडमधल्या युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात लागलेल्या आगीत मास्टर टेपा जळाल्या, आणि लोकांना त्याचा खरा अंदाज आला तो २०१९ मध्ये. एखाद्या संकलनाच्या निमित्तानं टेप एकदा बाहेर येते. पुन्हा कधी येईल, याची शाश्वती नाही.

मास्टरिंगकडे वळू. तीस-चाळीस वर्षांत पाच स्टुडिओंत, आठ निर्मात्यांकडे झालेली गाणी एकापाठोपाठ वाजवायची आहेत. इथे सगळ्यांना एका साच्यात घालायचा मोह होतो: सगळ्यांचा बास सारखा, सगळ्यांची पातळी सारखी. तसं करू नका. मीटरवर सारखी असलेली दोन गाणी कानाला सारखी लागत नाहीत. एकट्या गिटारवर गायलेलं संथ गाणं आणि पूर्ण साथीचं रॉक गाणं एकाच एलयूएफएस (जाणवणाऱ्या सरासरी आवाजाचं माप) आकड्यावर आणलं, की संथ गाण्यात गायक श्रोत्याच्या अंगावर आल्यासारखा वाटतो. संथ गाणं दोन-तीन डेसिबलनं खालीच ठेवा. मोजायचंच असेल तर गायकाचा आवाज मोजा. ज्या गाण्यात तो सर्वांत नैसर्गिक वाटतो ते संदर्भ म्हणून निवडा, आणि प्रत्येक गाण्याच्या धृपदाशी तिथला आवाज ताडत जा, कमी आवाजात, एका साध्या स्पीकरवर. आवाजाच्या रंगात (बास-ट्रेबलच्या तोलात) रुंद पट्ट्यानं एक-दोन डेसिबलपेक्षा जास्त बदल करावासा वाटला, तर बहुतेक वेळा टेप चुकीची आहे किंवा ॲझिमथ चुकलाय. परत मागे जा.

आवाज चढवण्याची शर्यत आता निरर्थक आहे. स्पॉटिफाय नेहमीच्या मांडणीत −१४ एलयूएफएसच्या आसपास आणतं, ॲपल म्युझिक −१६च्या. तुम्ही लिमिटर (आवाजाची शिखरं चेपणारं साधन) दाबून −८वर नेलंत, तर तिथे ते ६ ते ८ डेसिबलनं खाली येईल. उरेल फक्त चेपटलेला ड्रम. १९८५च्या मूळ मिक्समध्ये स्नेअर ड्रमचा ठोका आवाजाच्या वर उडी मारतो. ती उडी हेच त्या गाण्याचं अंग आहे. शिखर −१ डेसिबल ट्रू पीकच्या खाली ठेवा, म्हणजे एमपी३सारख्या दाबलेल्या फाइलमध्ये कडा फुटत नाहीत. घोंघाट काढणारं सॉफ्टवेअर जपून वापरा. टेपची सळसळ श्रोते सहन करतात. पण तिच्याबरोबर गायकानं ओळ सुरू करण्याआधी घेतलेला श्वास आणि शेवटच्या स्वरामागचा प्रतिध्वनी कापला गेला, तर ते गाणं पाण्याखाली वाजतंय असं वाटतं. शेवटच्या पाच सेकंदांचा प्रतिध्वनी हेडफोनवर ऐका; तो विरताना बुडबुडल्यासारखा झाला, तर सॉफ्टवेअर काढून टाका. १६ बिटवर आणताना डिदर (बिट कमी करताना घालायचा सूक्ष्म घोंघाट) एकदाच, अगदी शेवटी.

मूळ टेप खरंच हरवली असेल, तर? मग स्वच्छ तबकडीवरून उतरवा आणि तसं लिहा. आजकाल एकत्र मिसळलेल्या ध्वनिमुद्रणातून गायकाचा आवाज संगणकानं वेगळा काढता येतो. त्यावर नवी साथ बसवायचा मोह आढाव्याच्या संकलनात टाळाच.

गाण्यांचा क्रम आणि संख्या. एका सीडीवर सुमारे ७९ मिनिटं मावतात, मूळ मर्यादा ७४ची. चार-चार मिनिटांची १८ गाणी आणि मधल्या १७ जागा तीन-तीन सेकंदांच्या, म्हणजे ७२ मिनिटं ५१ सेकंद. विसावं, एकविसावं गाणं कोंबण्यासाठी गाण्यांचे शेवट लवकर मिटवू नका. मधली जागा यंत्रावर सोपवून सगळीकडे दोन सेकंद ठेवणं हाही आळसच. आधीचं गाणं विरल्यावर त्याच्याच लयीत दोन-चार मात्रा मोजा आणि पुढचं सुरू करा. काही गाणी मूळ अल्बमवर आधीच्या गाण्यात मिसळून सुरू होतात. ती तिथून कापली की सुरुवातीला दुसऱ्याच गाण्याची शेपटी ऐकू येते. अशा वेळी सिंगलची स्वतंत्र टेप शोधा. डीडीपी प्रत (सीडी कारखान्याला पाठवायची फाइल) बनवताना गाण्यांच्या सीमा ५८८ सॅम्पलच्या चौकटीवर बसवा, नाहीतर जोडात टिचका ऐकू येतो.

हीच यादी विनाइलवर द्यायची तर दोन तबकड्या, चार बाजू, दर बाजूला १८ मिनिटांच्या आसपास. २५ मिनिटांच्या पुढे गेलात की खाच उथळ करावी लागते आणि आवाज खाली येतो. बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर धावते, आतल्या टोकाला जेमतेम २१. तितक्याच सेकंदाला निम्म्याहून कमी जागा. म्हणून आतल्या टोकाला ‘स’कार फाटतात. प्रत्येक बाजूचं शेवटचं गाणं शांत, कमी झांजांचं निवडा. गायकाचं सर्वांत गाजलेलं, सर्वांत चढ्या सुरातलं गाणं ‘समारोप’ म्हणून तिथे नेऊन ठेवणं, ही आम्हाला पुन्हा पुन्हा दिसणारी चूक आहे.

कालक्रम की रंगत? सोलो कारकिर्दीच्या आढाव्यात आम्ही कालक्रमाच्या बाजूचे आहोत. पंचविशीतला आवाज साठीत कसा होतो, कोणता सूर त्यानं सोडला, कोणता खाली आणून नव्यानं मिळवला, हे एका बैठकीत ऐकता येणं हेच या संकलनाचं बळ. वेगळी मांडणी चालते, पण तिला कारण हवं. रॉबर्ट प्लँटचं २००३चं ‘सिक्स्टी सिक्स टू टिंबक्टू’ याचा नमुना आहे. पहिल्या तबकडीवर सोलो अल्बमांतली निवड. दुसरी १९६६च्या सुरुवातीच्या सिंगलपासून निघते आणि जानेवारी २००३ मध्ये मालीच्या वाळवंटातल्या महोत्सवातल्या ध्वनिमुद्रणावर संपते, मधे इकडेतिकडे विखुरलेली गाणी. प्लँटच्या जुन्या बँडचं, लेड झेपेलिनचं, एकही गाणं न घेता तो संच पूर्ण वाटतो. बँडची गाणी घ्यायचीच असतील तर ‘सोलो’ हा शब्द काढा. २०१८ मध्ये ख्रिस कॉर्नेलच्या नावानं आलेल्या संचात साउंडगार्डन आणि ऑडिओस्लेव्ह या त्याच्या बँडची गाणीही आहेत, पण ती अख्ख्या कारकिर्दीची मांडणी म्हणूनच आली. त्यात ६४ गाण्यांचा मोठा संच आणि १७ गाण्यांची एक तबकडी असे दोन आकार एकाच वेळी दिले, हेही चांगलं. नवख्या माणसाला ६४ गाणी नको असतात.

जुन्या श्रोत्यांनी पुन्हा पैसे मोजावेत म्हणून दोन नवी गाणी जोडण्याची पद्धत आहे. ती सोडून दिलीत तर बरं. नवी गाणी स्वतंत्रपणेही विकत मिळू द्या. अप्रकाशित गाणं द्यायचं तर ते डेमो आहे, अर्धवट आहे की गायकानं नाकारलेलं आहे, हे लिहा. नाकारलेलं असेल आणि गायक हयात नसेल, तर वारसदारांनी दहादा विचार करावा.

पुस्तिकेसाठी आमची मागणी छोटी आहे. प्रत्येक गाण्याखाली चार ओळी: पहिल्यांदा कधी आणि कुठे प्रकाशित झालं; कोणती आवृत्ती, म्हणजे अल्बम, सिंगल, बारा इंची की रिमिक्स; कोणी वाजवलं, निर्माता आणि ध्वनिमुद्रक कोण; आणि यावेळी कशावरून उतरवलं. ‘मूळ अर्धा इंची मास्टरवरून’, ‘मास्टर उपलब्ध नसल्यानं दुसऱ्या पिढीच्या प्रतीवरून’ असं साधं लिहिलं तरी पुरे. दोन पानं आठवणींना कमी द्या, पण पाहुण्या वादकांची नावं गाळू नका. सोलो गायकाला कायमचा बँड नसतो. त्या गाण्यावर बास कोणी वाजवला हे कळायची जागा बहुधा ही पुस्तिकाच असते. १२ सेंटिमीटरच्या पानावर काळ्या छायाचित्रावर करड्या रंगात पाच पॉइंटची अक्षरं छापू नका, ती कुणालाही वाचता येत नाहीत. पिना मारलेल्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीत येतात. मजकूर जास्त झाला तर चार पानं वाढवा, अक्षर लहान करू नका.

शेवटी स्ट्रीमिंग. तिथे तुमचं संकलन चढलं की १९८५च्या गाण्यापुढे २०१९ असं वर्ष दिसतं, आणि ऐकणाऱ्याचा समज होतो की गाणं तेव्हाचं आहे. माहिती भरताना मूळ प्रकाशनाचं वर्ष स्वतंत्र रकान्यात द्या, ध्वनिमुद्रण-हक्काच्या ओळीतही तेच ठेवा, आणि ‘रिमास्टर’ हा शब्द वर्षासकट गाण्याच्या आवृत्तीच्या रकान्यात टाका. यादीतल्या एखाद्या गाण्याचा परवाना काही देशांपुरताच असेल, तर तिथे ते राखाडी पडतं आणि आढाव्याला मधेच भोक पडतं. करार करतानाच सगळ्या देशांसाठी करा. दुसऱ्या कंपनीकडचं गाणं असेल तर मुदतही पाहा, कारण पाच वर्षांचा परवाना संपला की ते गाणं एका रात्रीत यादीतून जातं. आणि जुना मूळ अल्बम संकलनाच्या जाहिरातीसाठी खाली उतरवू नका.

सध्या ज्या संकलनांचं काम तुमच्याकडे चालू असेल, त्यांच्या गाण्यांच्या याद्या छपाईला जाण्याआधी हे पत्र त्या टेबलावर ठेवावं, एवढी विनंती. शंका असेल तिथे मूळ तबकडी लावून ताडा. ती नसेल, तर ज्यांच्याकडे आहे त्या श्रोत्यांना विचारा. अशी माणसं जगभर आहेत आणि ती आनंदानं मदत करतात.

कळावे.

आपले,
मूळ ध्वनिमुद्रणांशी ताडून ऐकणारे